मोठ्या अक्षरांतलं नाव

तान्ह्या उमायला दूध पाजता पाजता बेगायिमनं एका हातानं तिसऱ्यांदा तेच करून पाहिलं. आपल्या लॅपटॉपवर ॲप तयार करणारी स्क्रिप्ट चालवली, ॲपमध्ये नकाशा आला यंदाचा. तीच स्क्रिप्ट घरबसल्या दूर बिश्केकच्या ऑफिसातल्या मशीनवर चालवली, नकाशा आला गेल्या हिवाळ्यातला.

दुपारचा दीड वाजला होता. चार वाजता खिंडीचा रस्ता उघडणार, आणि बर्फाचे कडे कुठे कोसळू शकतात त्याचा नवा नकाशा त्याआधी ट्रकवाल्यांच्या फोनवर पोचायला हवा. आजवर ॲप तयार व्हायचं ते तिच्या लॅपटॉपवर, तिच्या हातानं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिनंच हट्ट धरला होता, की हे सगळं मशीन आपोआप करेल असं मी लिहून देते. आज त्याचा पहिला दिवस.

फोन वाजला. ऑफिसातले वरिष्ठ, सियमिक; मानानं सगळे त्यांना बायके, म्हणजे दादा, म्हणत. हात मोकळा नव्हता, तिनं स्पीकर लावला.

"बेगायिम, काय झालं?"

"बायके, माझ्याकडे नीट चालतंय."

"तुझ्याकडे चालतंय! मग तुझा लॅपटॉप खिंडीत नेऊन ठेवू? ट्रकवाले येतील रांगेनं बघायला." मग आवाज मऊ झाला. "अडीचपर्यंत बघ. नाहीच जमलं तर आज हातानं कर आणि पाठव. उद्यापासून बाहेरच्या कंपनीला देऊ हे काम. तान्ही पोर आहे घरात, तुला कुणी काही बोलणार नाही."

ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. ते मऊ बोलणंच झोंबलं.

समोर सासरे बसले होते. त्यांना ती आताके म्हणे. याच खिंडीत सव्वीस हिवाळे त्यांनी बर्फ काढायचं यंत्र चालवलं होतं. त्यांनी हात पुढे केले.

"आण तिला इकडे. तू भांड तुझ्या मशीनशी."

उमाय आजोबांच्या मांडीवर गेली आणि त्यांच्या मिशीला लोंबकळली. बेगायिमनं ऑफिसातल्या मशीनला सांगितलं, आता प्रत्येक पाऊल टाकण्याआधी मला दाखव. पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली. सवयीप्रमाणे ती मोठ्यानं वाचत गेली.

"नकाशे, तिरकी रेघ... तिरकी रेघ."

ती थांबली. दोन रेघांच्या मध्ये एका फोल्डरचं नाव असायला हवं होतं. तिथं काहीच नव्हतं.

आणि मग सगळं आठवून तिचे कान तापले. ऑफिसात प्रत्येक नकाशाच्या फोल्डरला पशुपक्ष्याचं नाव असे. डोंगराळ भागाचा तो शुमकार, उंच कड्यांवरचा ससाणा. आणि सासऱ्यांचं नावही शुमकार. सुनेनं ते तोंडातून काढायचं नाही. गेल्या हिवाळ्यात, आठवा महिना चालू असताना, ती याच टेबलाशी ओळी वाचत होती आणि आताके समोर बसून अक्रोड फोडत होते. तेव्हा तिनं स्क्रिप्टमध्ये त्या जागी 'कुश' लिहिलं, म्हणजे नुसता पक्षी. हा पक्षी म्हणजे कोण, ते लॅपटॉपच्या खासगी सेटिंगमध्ये सांगून ठेवलं, आणि विसरली. ऑफिसातल्या मशीनला कुश कोण ते ठाऊकच नव्हतं. अनोळखी नावाला ते अडतही नाही. तिथं काही नाही असं धरून पुढे जातं. गेलं ते थेट बाहेरच्या फोल्डरमध्ये, जिथं जुना नकाशा पडून होता.

तिनं फोन लावला. "बायके, सापडलं. चूक माझी. मी एक नाव बदललं होतं."

"कुठलं?"

"ते... डोंगरवाल्या नकाशाचं."

"अगं, पण नाव काय?"

"तेच हो. कड्यावर राहतो. सशावर झडप घालतो."

"कोडी कसली घालतेस? नाव सांग!"

"शुमकार!" समोरून आताकेंचा आवाज गरजला. उमाय दचकली आणि हसली. "माझं नाव आहे ते. पोरीला कशाला छळतोस?"

पलीकडे बायके खो खो हसत सुटले.

आताके उमायला घेऊन उठले आणि तिच्यामागे आले. चष्मा लावला. "तोंडानं म्हणू नकोस. हातानं लिही. लिहायला माझी परवानगी."

तिनं कुश खोडला आणि एकेक कॅपिटल अक्षर टाइप केलं.

"एवढ्या मोठ्या अक्षरांत?"

"इथं नावं अशीच लिहितात, आताके."

आताकेंनी टोपी सरळ केली.

मग तिनं सगळी सेटिंग एका फाइलीत आणली, दोन्ही मशीन तीच वाचतील अशी. स्क्रिप्टच्या माथ्यावर एक ओळ घातली: अनोळखी नाव दिसलं की तिथंच थांब. लॅपटॉपवरचं खासगी सेटिंग पुसलं आणि दोन्हीकडे नव्यानं चालवलं. लॅपटॉपवर यंदाचा नकाशा. ऑफिसात यंदाचा. दोन्हीकडची फाइल तंतोतंत एकच आहे का हे सांगणारे खुणेचे आकडे तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवून पाहिले. एकही वेगळा नव्हता. दोन वाजून वीस मिनिटं.

"पोचलं," बायके फोनवर म्हणाले. "आणि ऐक, बाहेरच्या कंपनीचं मी काही बोललोच नव्हतो."

"काय बोलला नव्हतात, बायके?"

"हं. उद्या बाकीच्या ॲपचंही घे मग."

साडेतीनला आताकेंच्या फोनवर नकाशा उतरला. बोटानं ते रस्ता चढत गेले आणि तेविसाव्या किलोमीटरच्या लाल उतारावर थांबले. तिथं एकदा त्यांचं यंत्र खिडकीपर्यंत गाडलं गेलं होतं.

"बरोबर दाखवलंय," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी जुन्या सोबत्याला फोन लावला, जो अजून त्या रस्त्यावर होता.

"नवा नकाशा आला का रे तुझ्याकडे? बघ नीट. आमच्या सुनेनं पाठवलाय. आणि आत माझं नाव आहे, ठाऊक आहे? दिसत नाही ते. पण त्याच्याशिवाय चालत नाही!"

बेगायिमनं मान खाली घालून उमायला पोटाशी घेतलं. हसू आवरत नव्हतं.