भेगेत ओतलेलं पाणी

"चार बोटं! काल तीन हुता, आज चार बोटं वर आलाय!"

कामावरच्या गड्यांतल्या कुंडलिकनं दोरीकडे हात केला आणि जमलेल्या शंभर-दीडशे माणसांनी हात जोडले. गावाबाहेरच्या काळ्या रानात, ओळीनं, रेल्वेच्या जुन्या रुळाचे तीन तुकडे उभे ठोकलेले होते. जमिनीवर वीतभर दिसणारे. ओव्हरसियरनं तिन्हींची डोकी एका पातळीत घेऊन दोरी ताणून बांधली होती. आता ती दोरी दुसऱ्या रुळापासून पहिल्याकडे चढत गेलेली स्पष्ट दिसत होती. बाकीचे दोन होते तिथंच. पहिला वर आला होता.

आणि त्याच्या बुडाशी जमीन फुगली होती. पालथी परात ठेवावी तशी.

महिपतीबुवा त्या फुगवट्याभोवती हळद शिंपडत फिरत होता. "बगा रं बगा! धरणीमाय गरभार हाय! प्वाट दिसतंय का न्हाय? आन सरकार तिच्या पोटात लोखंड खुपसतंय! कुटली आई सोसंल? म्हणून माय ढकलून देती. आज चार बोटं, उद्या पाच, एक दिस सगळा रूळ भाईर!"

मग तो आम्हा बायकांकडे वळला. "चला माय, घागरी आना. रुळावर न्हवं गं, रुळावर ओतून काय हुतंय? भेगेत ओता. त्ये मायचं त्वांड हाय."

मी माझी घागर भेगेत ओतली. दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा होता. भेगा अशा, की हात कोपरापर्यंत आत जावा. पाणी गटगट आवाज करत खाली गेलं. बायका म्हणाल्या, "माय पितीया."

मी देवाचं करणारी बाई आहे, हे आधीच सांगते. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय आजवर पाण्याचा घोट घेतलेला नाही. सोमवार कधी मोडला नाही. बुवानं मला नवस सांगितला होता: एक्केचाळीस दिवस, रोज पाच घागरी. मी कबूल केला, कारण घरात सून होती.

शरणम्माला सहावा महिना होता. तिचं पहिलं मूल बैलगाडीत गेलं. गावात पूर्वी बाळंतघर होतं, पण काळ्या मातीवर बांधलेलं. दर पावसाळ्यात भिंत हलायची, दर उन्हाळ्यात चीर पडायची. चौथ्या वर्षी मागची बाजू खचली आणि नर्सबाई निघून गेल्या. म्हणून सुनेला सोलापूरला न्यावं लागलं. होटगीचं फाटक मालगाडीसाठी बंद होतं. फाटक उघडेपर्यंत सगळं संपलं. तिचा हात माझ्या हातात होता. अजून कधी कधी त्या हाताचा भार जाणवतो.

नवीन बाळंतघर मंजूर झालं, तेव्हा ओव्हरसियरनं गावाला नीट सांगितलं होतं. इथं वीस फूट काळी माती आहे, ती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर पाया टिकायचा नाही. तिच्यातून आरपार लोखंड ठोकायचं, ते खालच्या मुरुमात बसवायचं आणि इमारत त्या लोखंडावर उभी करायची. तीन बल्ल्या उभ्या करून वर कप्पी लावली, दहा माणसांनी दोर ओढून जड ठोकळा वर न्यायचा आणि सोडायचा. धाप्प! तीन रूळ बसले आणि चौथ्या दिवशी मंगळवेढ्याकडून हा बुवा आला. रुळाभोवती त्यानं बायकांकडून पाणी घालून घेतलं, आठवड्यात रूळ दोन बोटं वर आला. गड्यांनी दोर सोडून दिला.

"अमावस्येपर्यंत गाव तयार झालं नाही, तर रूळ उचलून दुसऱ्या गावाला देणार," असं सांगून ओव्हरसियर सायकलवर बसून गेला. बुवाला ती जागा मायच्या ठाण्यासाठी, देऊळ बांधायला, हवी होती. पंचांची मानही होकारार्थी हलायला लागली होती.

आमचे हे रेल्वेत गँगमन होते. तीस वर्षं रुळाला डोळा लावून उंचसखल बघण्यात गेली. त्यांनी चावडीत दोनदा सांगून बघितलं. "अरं, त्यो पयला तुकडा आखूड हाय. सात फूट. माती कशी हाय ते बगायला ठोकलेला. बाकी दोन पूर्ण लांबीचं हायती."

"चनबसप्पा, तुमी रेल्वेचं बगा की," कुंडलिक म्हणाला. "मायचं बुवाला कळतंय."

हे उठून घरी आले. मी ऐकून घेतलं आणि सकाळी पुन्हा घागर उचलली. मला काय कळणार होतं? मी घागरी वाहत होते. विहीर लांब, पाणी खोल. अठराव्या दिवशी खांद्यातून हात वर जाईना.

त्याच दिवशी दुपारी हे अंगणात छपराची मेढ, टेकूचा लाकडी खांब, ठोकत होते. आमच्या छपराला चार मेढी. त्यातली एक मोरीपाशी आहे. माझ्या पूजेचं, अंघोळीचं, भांड्यांचं सगळं पाणी तिच्या बुडाशी जातं. ती दर उन्हाळ्यात वर येते, छप्पर तिकडून उचकटतं आणि हे घण घेऊन तिला खाली बसवतात. पंचवीस वर्षं हे चाललंय. आमच्या घरी त्याला कुणी काही म्हणत नाही.

शरणम्मा उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती. हसून मला म्हणाली, "अत्ती, ह्या मेढीला तर कुणी बुवा न्हाय. ही कशी वर येती मग?"

यांचा घण हातातच राहिला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मी आत गेले. सकाळी हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती, काठोकाठ, वर ताटली. डाळ फुगली होती आणि ताटली पातेल्याच्या काठावरून एक बोट वर उचलली गेली होती. मी ती ताटली किती वेळ बघत उभी राहिले, आठवत नाही. मला बुवाचा राग आला नाही. फार थकल्यासारखं झालं. रोज पाच, अशा अठरा दिवसांच्या नव्वद घागरी. सुनेची सुटका सुखरूप व्हावी म्हणून मी ज्या वाहिल्या, त्यांनीच तिचं बाळंतघर जमिनीतून उपटत होते मी.

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून रानात गेले, ती घागरीऐवजी बाभळीची मेढ यांच्या खांद्यावर देऊन. माझा आवाज मोठा नाही. लोक ऐकायला पुढे सरकले.

"बुवा, एक विचारू का? मायला लोखंड नकोय ना?"

"न्हाय माय! लोखंड बगितलं की ती तळमळती."

"मग बाकीचे दोन रूळ का वर येत नाहीत?"

"ती दोगं निजल्यात," बुवा म्हणाला. "मायनं अजून हाक मारली न्हाय त्यास्नी."

"त्यांना पाणी कुणी घातलंच नाही," मी म्हटलं. "आजपासून मधल्या रुळाला घालू. सगळ्या घागरी त्याच्याच भेगेत. आणि शेजारी ही मेढ ठोकू, सहा फूट. लाकडाची आहे, लोखंडाचा खिळासुद्धा नाही. तिलाही तेवढंच पाणी. शेवटचा रूळ कोरडा ठेवू, त्याच्यावरून पातळी बघायला. आठ दिवस."

बुवा चिडला. "मायची परीक्षा घेती व्हय? घरात गरवार सून हाय तुज्या, ध्यानात ठेव!"

 शरणम्मा मागं उभी आहे हे मला ठाऊक नव्हतं. ती पुढे आली, पोटावर पदर घेऊन. "पयली घागर मी ओतती," म्हणाली. "मला काय व्हायचं त्ये फाटकापाशी होऊन गेलंय."

 मग आमच्याबरोबर पाणी वाहणारी बजाबाई म्हणाली, "ओतू द्या की बुवा. खरं आसंल तर मदला रूळ तुमच्या हाकंला उटंल. आन न्हाय उटला तर मायला झोप लागली आसंल, दुसरं काय!" बायका हसल्या. त्या रानात अठरा दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलं.

यांनी मेढ ठोकली, डोकं दोरीच्या पातळीला आणलं. आठ दिवस घागरी वाहिल्या, मधल्या रुळाला आणि मेढीला सारख्या मोजून. पाचव्या दिवशी दोरी मेढीपाशी उचलली जायला लागली. सातव्या दिवशी मेढ दोन बोटं वर आली होती. दोन्हींच्या बुडाशी जमीन फुगली होती, तशीच, पालथ्या परातीसारखी. पण मधला रूळ कोरड्या रुळाच्या पातळीत, केसभरही हललेला नव्हता.

"लाकडानं मायचं काय घोडं मारलं हुतं गं?" बजाबाईनं विचारलं. उत्तर द्यायला बुवा नव्हता. सकाळच्या एस.टी.नं तो मंगळवेढ्याला गेला होता, हळदीची पिशवी लिंबाला तशीच टांगून. नंतर तिकडच्या एका माणसाकडून कळलं, की बुवा बारा वर्षं विहिरी खोदायच्या कामावर होता. काळ्या मातीत पुरलेलं लाकूड कसं वर उचललं जातं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून तर रुळावर नको, भेगेत ओता. पाणी खोल जायला हवं होतं.

हे पालथे झोपले, रुळाच्या डोक्याला डोळा लावला, आणि कुंडलिकला शेजारी झोपायला लावलं. "बग. ही काळी माती डाळीवानी फुगती. आखूड तुकडा सगळा तिच्यातच हाय, ती फुगली की त्याला धरून वर उचलती. लाकूड आसू दे, न्हायतर लोखंड. लांब रुळाचं पाय खाली मुरुमात घट्ट बसल्यात. मुरूम फुगत न्हाय. वरची माती किती बी फुगू दे, त्यो हलत न्हाय. त्याच्यावरच दवाखाना उभा ऱ्हायचा. कळलं?"

"व्हय," कुंडलिक मातीत तोंड घालून म्हणाला.  ठोकळ्याचा दोर सगळ्यात आधी त्यानंच सोडला होता.

अमावस्येच्या आदल्या दिवशी तोच दोर ओढायला पहिला उभा राहिला.

पण सव्वीस दिवस गेले होते ते गेलेच. श्रावणात शरणम्माचे दिवस भरले, तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि छपराचे पत्रे अर्धेच बसले होते. राहिलेल्या जागेवर ताडपत्री बांधली. बाहेर पावसानं माती फुगून चिकट झाली होती, गाडीचं चाक फिरलं नसतं. गावात परत आलेल्या नर्सबाई आत होत्या. मी रात्रभर भिंतीला हात लावून बसले होते, चीर पडते का बघत. भिंत हलली नाही. पहाटे मुलगी झाली. दानम्मा नाव ठेवलं.

माझी पूजा अजून चालू आहे, सोमवारही. देवावरचा माझा विश्वास त्या मेढीनं कमी झाला नाही. त्याच्या नावानं बोलणाऱ्यांवरचा मात्र झाला. परवा अक्कलकोटच्या बाजूच्या एका गावाहून निरोप आला. तिथं कुणाच्या तरी पडवीतला खांब वर येतोय, कुणा एका बुवानं पाणी घालायला सांगितलंय, तुम्ही येता का. गुडघे दुखतात, एस.टी.त उभं राहवत नाही. तरी जाईन. मेढ घेऊन.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारा: हे दुसऱ्या जागी, दुसऱ्या वस्तूला, तसंच पाणी घालून होतं का? होत असेल तर तो मातीचा गुण आहे. विचारायला मोठा आवाज लागत नाही. आणि विचारलं नाही, तर घागरी आपल्याच खांद्यावर असतात.