तीच बोटं, मोठा बाजा

पोरगा सॅक्सोफोन शिकला तर आपल्याला काय काय मिळणार, हे कल्याणप्पानं आधीच मोजून ठेवलं होतं. लग्नसराईच्या तोंडाला अंबादास मास्तरच्या उंबऱ्यावर जाऊन ‘यंदा येताय न्हवं मास्तर’ असं लाचार तोंडानं विचारायचं बंद होणार होतं. परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, सगळ्यात पुढं झुपकेवाली टोपी घालून जो चालतो, तो आपल्या घरातला होणार होता. आणि खरं मिळणं म्हणजे नाव. बँडचे लाल कोट कल्याणप्पाचे, ढोल-ताशे कल्याणप्पाचे, टेंपो कल्याणप्पाचा, पण जळकोटपासून लोहाऱ्यापर्यंत लोक म्हणायचे काय, तर ‘अंबादासचा बँड’. शेत आपलं, बैल आपले आणि पिकाला नाव सालगड्याचं, असला हा मामला त्याला बारा महिने टोचत होता. खर्चाच्या बाजूला त्यानं सोलापूरची एक खेप आणि थोडी गुप्तता, एवढंच धरलं होतं.

मास्तर पोलिसांच्या बँडमधून निवृत्त होऊन गावी आलेला. बँडात सॅक्सोफोन एकट्या त्यालाच यायचा. प्रत्येक चाल तो पाच रेघांवर अंड्यांसारखी टिंबं काढून लिहायचा आणि तो कागद घडी करून खिशात घालायचा. बाकीचे वाजवणारे, म्हणजे क्लॅरिनेटचा गुंडाप्पा आणि दोन ट्रम्पेटवाले, त्याचं ऐकून ऐकून उचलायचे. कल्याणप्पानं दिग्विजयला त्याच्या हाताखाली घातलं, त्याला वर्ष झालं. बावीस वर्षांचा पोरगा वर्षभर रेघा मारत होता आणि पायानं ताल मोजत होता. हातात बाजा कमी, पेन्सिलच जास्त.

“मास्तर, एखादं गाणं तरी येऊ द्या की त्याला,” कल्याणप्पा म्हणायचा.

“पाया भरायलाय, मालक,” मास्तर म्हणायचा. “पाया भरताना घर दिसत न्हाय.”

पाया भरायला वर्ष लागतं, हे कल्याणप्पाला पटेना. ज्याच्याकडं कुलूप आहे त्याला किल्ली बनवायची कसली घाई, असा त्याला दाट संशय होता.

तुळजापूरला पुजाऱ्यांच्या घरातला शंतनू कीबोर्डचे क्लास घ्यायचा. एका बारशाच्या जेवणावळीत कल्याणप्पाची त्याच्याशी गाठ पडली. शंतनूनं मोबाइलवर त्याला एक चित्र दाखवलं. सॅक्सोफोनच्या कळांची गोल टिंबं, वर तीन, खाली तीन. काळं टिंब म्हणजे दाबायचं, पांढरं म्हणजे सोडायचं. टिंबांच्या प्रत्येक उभ्या ओळीखाली गाण्याचं एकेक अक्षर.

“हे वाचायला काय लागतं?” कल्याणप्पानं विचारलं.

“डोळे,” शंतनू म्हणाला. “पाच रेघा शिकायची गरजच नाही. मात्र यात सूर किती वेळ धरायचा ते कळत नाही. चाल कानात पाहिजे.”

“चाल काय, ढोल बडवणारालाबी पाठ हाय. आन् समद्या बाज्यांना हेच चालतं?”

“लहान असो, मोठा असो, सॅक्सची बोटं सगळीकडं तीच.”

कल्याणप्पानं त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. “तुमाला ह्यात काय मिळणार?”

“फी,” शंतनू म्हणाला.

तेव्हा कुठं कल्याणप्पाचा जीव भांड्यात पडला. आपला फायदा जो तोंडानं सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला त्याची हरकत नसायची. मास्तर कधी सांगायचा नाही, तिथंच तर गोम होती.

सोलापुरात जुन्या वाद्यांच्या दुकानात दोन सॅक्सोफोन निघाले. एक मास्तरकडं होता तेवढा, दुसरा त्याच्यापेक्षा हातभर दांडगा, गळ्याला बाक असलेला, झळझळीत. किंमत दोन्हींची एकच.

“बँडसाठी ना? मग हा छोटा न्या,” दुकानदार म्हणाला. “तुमच्याकडं हाच वाजवतात.”

दिग्विजय छोट्याकडं हात नेणार, तेवढ्यात बापानं त्याचं मनगट धरलं. दुकानदार छोटा गळ्यात मारतोय, याचा अर्थ छोट्यात खोट आहे. आणि तेवढ्याच पैशात एवढं जास्त पितळ मिळत असताना लहान कोण घेईल? बोटं तर तीच. कल्याणप्पानं मोठा घेतला आणि दुकानदार मान हलवत पावती फाडायला लागला, ते पाहून त्याला आणखी बरं वाटलं.

बाजा गोधडीत गुंडाळून बापलेक जळकोटच्या फाट्यावर एसटीतून उतरले. समोर चहाच्या टपरीवर मास्तर बसलेला.

“काय आणलं, मालक?”

“फवारणीचा पंप,” कल्याणप्पा म्हणाला.

मास्तरनं गोधडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. “लई लांब पंप हाय,” एवढंच म्हणून तो परत बशीत फुंकायला लागला. त्यानं पुढं काही विचारलं नाही, याचा कल्याणप्पाला रस्ताभर आनंद झाला आणि घरी गेल्यावर संशय आला.

शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेत, उसाच्या आडोशाला, शिकणं सुरू झालं. आणि खरंच, शंतनूनं लिहून दिलेली टिंबं बघत बघत दिग्विजयच्या बोटांखालून गाणी निघू लागली. आधी देवीची आरती, मग परण्याची चाल, मग नाचायच्या तीन. आवाज घोगरा, भरदार, थोराड माणसानं बोलावं तसा. कल्याणप्पा बांधावर बसून ऐकायचा आणि वर्षाच्या रेघा आठवून त्याचं डोकं तापायचं. एवढ्या-एवढ्या टिंबांनी जे झालं, त्यासाठी मास्तरनं वर्षभर पोराला पाळण्यात घालून झोके दिले होते.

त्याची बायको शिवकांता न्याहारी घेऊन यायची, तीही ऐकायची.

“एवढं गोड वाजवतंय, तर एकदा मास्तरला ऐकवा की.”

“त्यो खोड काढल.”

“मग गुंडाप्पाच्या संगट तरी वाजवू द्या. एकट्यानं किती दिवस उसाला ऐकवायचं?”

“गुंडाप्पा मास्तरचा माणूस हाय.”

“ट्रम्पेटवाले?”

“ते गुंडाप्पाचे भाचे.”

“मग तुमचं कोन हाय हो बँडात?”

कल्याणप्पानं बराच विचार केला. “टेंपो,” तो म्हणाला. शिवकांतानं भाकरीचं फडकं झटकलं आणि गेली.

मुहूर्त ठरला तो लोहाऱ्याच्या लग्नाचा. घर दांडगं, चार भाऊ, पैकी हा थोरला. हे लग्न गाजलं की बाकीच्या तिघांची आपल्याकडंच, आणि तेव्हा ‘दिग्विजयचा बँड’ बोलवा म्हणतील, अशी कल्याणप्पाची बांधणी होती. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला की परण्याची चाल सुरू होते. त्या चालीत, मास्तर रंगात असताना, पोरानं शेजारी येऊन उभं राहायचं आणि त्याच्या तोडीस तोड वाजवायचं. सगळ्या लोहाऱ्यासमोर. खोड काढायला मास्तरला जागाच उरणार नव्हती.

तसंच झालं. घोडा निघाला, ताशा कडकडला, मास्तरनं चाल धरली, मागोमाग क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट. कल्याणप्पानं टेंपोजवळून मान हलवली. दिग्विजय लाल कोटात, छातीवर तो झळझळीत बाजा घेऊन पुढं आला. बायका बघायला लागल्या. त्यानं गाल भरले आणि तीच चाल वाजवली.

पहिल्यांदा कल्याणप्पाला वाटलं, लाउडस्पीकर बिघडला. मग वाटलं, पलीकडच्या गल्लीत दुसरं लग्न आहे. एकच चाल दोन ठिकाणांहून येत होती. एक वरून, एक खालून, दोन्ही बरोबर चालत होत्या आणि कुठंच भेटत नव्हत्या. घोड्यानं कान मागं पाडले. नवरदेवाच्या मामानं पानाची पिंक टाकायची थांबवून बँडकडं पाहिलं.

दिग्विजयनं बापाकडं पाहिलं. बोटं बरोबर पडत होती, हे त्याला माहीत होतं. टिंबं डोळ्यांसमोर होती. तो आणखी जोरानं फुंकायला लागला, आणि त्यानं ते आणखी वाईट झालं.

मास्तरनं ओठावरून सॅक्सोफोन काढला. बाकीचेही थांबले. नुसता ताशा वाजत राहिला.

कल्याणप्पा गर्दीतून वाट काढत आला. “थांबलाव कामून, मास्तर? पोरगं म्होरं आलं म्हणून पोटात दुखायलंय व्हय?”

“मालक, एक तर त्यो वाजवल न्हायतर आमी. दोन्ही हुत न्हाय.”

“त्येची बोटं बराबर हायत.”

“बोटं बराबरच हायत,” मास्तर शांतपणे म्हणाला. “बाजा निराळा हाय. माझ्यात ज्या बोटांनी सा निघतो, त्याच बोटांनी त्या मोठ्यातनं खालचा प निघतो. समदी चालच खाली जाती.”

कल्याणप्पानं गुंडाप्पाकडं पाहिलं. गुंडाप्पानं मान डोलावली. पण तो मास्तरचा माणूस. भाच्यांकडं तर त्यानं पाहिलंच नाही. रस्त्यात घोडा उभा, करवल्या उभ्या, उन्हं डोक्यावर. मास्तरचं खरं मानलं तर पोराला इथूनच मागं न्यायचं. त्यानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

“एकटा वाजीव.”

आणि एकटा तो खरंच छान वाजवत होता, अगदी आखाड्यावर वाजवायचा तसा. भरदार आवाज निघाला, घोडा पुढं सरला, दोन-तीन जणांनी मानाही डोलावल्या. पण त्याच्यामागं लाल कोटातले सगळे बाजे खाली धरून मिरवणुकीत चालले होते.

“बाकीच्यांचा उपास हाय का आज?” नवरदेवाचा एक मित्र ओरडला.

परण्याची चाल झाली, आरती झाली, नाचायच्या तीनही झाल्या. मारुती अजून लांब होता. पोरांनी दुसरं गाणं मागितलं, तिसरं मागितलं. दिग्विजयकडं टिंबं पाचांचीच होती. त्यानं पुन्हा परण्याची चाल सुरू केली. “ही झाली की,” मामा म्हणाला. मग त्यानं आरती धरली, आणि नाचायला उभी राहिलेली पोरं हात जोडून उभी राहिली. हसणं सगळ्या मिरवणुकीत पसरलं. दिग्विजयनं बाजा छातीवरून सोडला.

कल्याणप्पा मास्तरकडं गेला. काही बोलायच्या आतच मास्तरनं टोपी सारखी केली, पुढं जाऊन उभा राहिला आणि वाजवायला लागला. बँड उठला. दिग्विजय टेंपोच्या केबिनमध्ये जाऊन बसला तो लग्न लागलं तरी उतरला नाही.

जेवणं झाल्यावर मंडपाच्या मागं कल्याणप्पानं मास्तरला गाठलं. टेंपो तिथंच उभा होता, काचा खाली केलेल्या.

“तुमाला ठावं हुतं.”

“फाट्यावरच कळलं. एवढ्या लांबीचा पंप म्या पोलिसात असताना रोज बघितलाय.”

“मग सांगितलं कामून न्हाय?”

“तुमी पंप म्हणलाव. मालकाला खोटं कसं पाडायचं?” मास्तरनं सुपारी तोंडात टाकली. “मोठ्या बाज्याला तेच गाणं निराळ्या टिंबांवर लिवावं लागतं. रेघांवर लिवतो आमी ते ह्याच्यासाठी. मला दाखवलं असतं तर घटकाभरात लिवून दिलं असतं.”

“आन् वरीसभर पोराला रेघा मारायला लावलं, त्ये?”

मास्तरनं सुपारी या गालातून त्या गालात घेतली. मंडपात कुणीतरी पत्रावळ्या गोळा करत होतं.

“रेघा दोन महिन्याच्या हुत्या, मालक,” तो म्हणाला. “ऱ्हायलेले धा माझे.”

म्हणजे संशय खरा होता. कल्याणप्पाला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला आनंद होईल. तो कबुलीची चव घेत उभा राहिला, तोवर टेंपोची काच वर गेली. दिग्विजयनं दोघांचंही ऐकलं होतं.

त्याच लग्नसराईत तो जिल्ह्यातल्याच वाशीच्या एका बेंजो पार्टीत वाजवायला गेला. तिथं दुसरा सॅक्सोफोन नव्हता, ट्रम्पेट नव्हते, आणि कीबोर्डवाल्यानं एक बटण दाबलं की तो दिग्विजयच्या सुरात येऊन बसायचा. वाजवायचा तो मोठाच. घरी यायचा तेव्हा निळा कोट घालून. शिवकांता तो धुवून वाळत घालायची, बँडच्या लाल कोटांच्या शेजारी.

पुढची लग्नसराई आली. कल्याणप्पा अंबादासच्या उंबऱ्यावर गेला.

“यंदा येताय न्हवं, मास्तर?”

“येतो की. पर किती दिस, ते सांगत न्हाय.” मास्तरनं वरच्या ओठाला बोट लावलं. “दात हालायलाय म्होरचा. दात गेला की बाजा गेला.”

“दुसरं कोन हाय तुमच्या हाताखाली?”

“हुतं की एक,” मास्तर म्हणाला. मग त्यानंच विचारलं, “रेघा वाचतंय का अजून?”

“वाचतंय म्हणं. मोबाइलवरनं पुरं केलं. आता पार्टीतल्या दुसऱ्यांना लिवून देतंय.”

“कागद खिशात घालतंय का?”

“न्हाय. वाटतंय.”

दोघं चहा प्यायले. फाट्यावरून लोहाऱ्याकडं एक टेंपो गेला, वर निळे कोट. लोहाऱ्यात त्या चार भावांपैकी दुसऱ्याचं लग्न होतं.

परत येताना कल्याणप्पानं सवयीनं मोजलं. शंतनूला त्याची फी मिळाली. सोलापूरवाल्याचा मोठा बाजा खपला. लोहाऱ्याच्या नवरदेवाचं लग्न झालंच, आणि वरून हसायला एक गोष्ट मिळाली. दिग्विजयची एका दुपारची अब्रू गेली, ती त्यानं वाशीत कमावून परत आणली. भरलं ते दोघांनीच. चोरलेल्या महिन्यांचं मोल मास्तरनं भरलं, फवारणीच्या पंपाचं त्यानं स्वतः. आणि दोघांच्याही हातून गेलं ते एकच पोरगं.