सोडून दिलेला दावा

नेटीने स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण बाहेर ओढला आणि सरळ फरशीवर पालथा केला. रबरबँड, पावाच्या पिशव्यांचे चिमटे, बंद पडलेली घड्याळं, कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली, धुऊन वाळवून घडी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. तिचा नवरा कॉर्नी घरातलं काहीही फेकू देत नसे. तेव्हा त्याचा जुना फोनही असणारच, याबद्दल कोणाला शंका नव्हती, आणि तो निघालाच. एका विटक्या मोज्यात घालून ठेवलेला.

“मिळाला गं!”

“आण इकडे,” तिची धाकटी बहीण जस्टिना टेबलापासून म्हणाली. दुमजली बनांची परडी, चीजची ताटली आणि प्लमच्या जॅमची बरणी बाजूला सारून तिने मधोमध लॅपटॉप मांडला होता. रविवार दुपारची कॉफी चालू होती. “पाठीवरचा बारीक नंबर वाच.”

“रविवारी पैशाची कामं करू नयेत,” आई म्हणाली. पण नंबर दिसावा म्हणून स्वतःचा चष्मा तिनेच पुढे केला. “आणि आपण कोर्टात जात नाही. तुमच्या आजोबांच्या शेताची कड शेजाऱ्याने दाबली, तरी गेले नव्हते.”

“आपण कुठं गेलो, आई? गेले ते दुसरेच. भांडलेही तेच. आपण नुसतं ताट पुढं करायचं.” जस्टिनाने एका बनाचा वरचा मजला तोडून तोंडात टाकला. “फुकट ते पौष्टिक.”

गोष्ट एवढीच होती. जुन्या फोनांच्या बॅटऱ्या दमायला लागल्या, तेव्हा कंपनीने गिऱ्हाइकांना न सांगता त्या फोनांचा वेगच कमी करून टाकला. लोक बिचारे फोन म्हातारा झाला असं समजून नवे घेत राहिले. पुढे कोणीतरी सगळ्यांच्या वतीने खटला भरला, कंपनीने तडजोड केली, आणि आता ज्याच्याकडे तसला फोन होता त्याने वेबसाइटवर दावा लावायचा की भरपाई घरपोच. जस्टिनाने स्वतःचा लावला होता, नवऱ्याचा लावला होता, शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांचाही लावून दिला होता. तिला असल्या कामांची हौसच होती.

पण या घरात तो फोन म्हणजे नुसता फोन नव्हता. चार हिवाळ्यांपूर्वी त्या दोघींचा भाऊ डिर्क हिमवादळात गाडीसकट रस्त्यालगतच्या चरात गेला होता, इथून दोन मैलांवर. प्यायलेला होता आणि लायसन आधीच जप्त झालेलं, त्यामुळे पोलिसांना बोलावायची सोय नव्हती. ट्रॅक्टर कॉर्नीकडे होता, म्हणून त्याने कॉर्नीला फोन लावला. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही, तेव्हा तो चालत निघाला. सकाळी बर्फ काढणाऱ्या माणसाला तो कुंपणाच्या तारेला धरून बसलेला, गोठलेला सापडला. कॉर्नीचा फोन थंडीत अडकल्याने वाजलाच नव्हता, असं सगळे समजत होते; वर्षभराने कंपनीनेच फोन हळू केल्याची बातमी आली आणि आईला दोषी धरायला कोणीतरी मिळालं. जन्मात कधी कोणाला वाईट शब्द न बोललेली बाई त्या कंपनीला मारेकरी म्हणू लागली.

“पैसे मला नकोत,” आताही ती म्हणाली. “पण कॉर्नीच्या दाव्यात लिही, की तुमच्यामुळे माझा मुलगा गेला.”

“तसा रकाना नाहीये, आई.”

“मग कशाचा आहे?”

“नाव, पत्ता, फोनचा नंबर. आणि शेवटी एक ओळ. फोन माझ्या हातात असताना हळू झाला होता, हे मी खरं सांगतो.”

“म्हणजे शपथ?” आईचा कप हवेतच थांबला. त्यांच्या चर्चच्या मंडळीत शपथ घेत नसत. माणसाने हो म्हटलं की ते हो, त्याला साक्षीला देव कशाला बोलवायचा, असं कळायला लागल्यापासून प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडलेलं असे.

“शपथ नाही गं. नुसतं खरं सांगतो म्हणायचं.”

“तेवढं काय, आपण रोजच सांगतो,” आई म्हणाली आणि तिने कॉफीचा घोट घेतला.

मागचं दार वाजलं. मार्च सरत आला होता आणि अंगणात गुडघाभर चिखल होता. कॉर्नीने बूट दारातच काढले आणि मोज्यांवर आत येऊन तो हात धुवायला उभा राहिला.

“या भावोजी, झोळी धरा,” जस्टिना म्हणाली. “पैशाचं झाड हलवतेय मी.”

आईसुद्धा हसली. कॉर्नी थीसेनचा चिकटपणा तीन गावांत गाजलेला होता. पेट्रोल दोन सेंटांनी स्वस्त म्हणून तो सीमा ओलांडून अमेरिकेत जाऊन येई आणि येताना चीज आणी. चमडी गेली तरी चालेल पण दमडी जाता कामा नये, ही म्हण कोणीतरी त्याच्याकडे बघूनच केली असणार, असं जस्टिना त्याच्या तोंडावर म्हणे आणि तोही खुशीत मान डोलावी.

जस्टिनाने सगळं समजावून सांगेपर्यंत तो हातच धूत होता. मग त्याने नळ बंद केला.

“माझं नाव घालू नकोस,” तो म्हणाला.

“का?”

“नको.”

“अहो, सगळं भरून झालंय. तुम्ही फक्त हो म्हणा. बटण दाबायला बोटसुद्धा माझंच.”

“नको म्हटलं ना, जस्टिना.”

टॉवेल हातात घेऊन तो टेबलाशी उभा राहिला. बाहेर वळचणीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

“का रे, कॉर्नी?” आईने विचारलं.

तो लोण्याच्या ताटलीकडे बघत होता. “गेलं ते गेलं, आई. कशाला उकरून काढायचं.”

आई टेबलाचा आधार घेत उठली. हळूहळू त्याच्यापर्यंत गेली आणि तिने आपला सुरकुतलेला हात त्याच्या गालावर ठेवला. तो लाकडासारखा उभा होता.

“तू त्यांना माफ केलंस,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. “चार वर्षं मी रोज रात्री गुडघे टेकते, आणि माफीची ओळ आली की माझी जीभ उचलत नाही. सगळी प्रार्थना होते, तेवढी ओळ राहते. आणि तू बघ. त्यांचा पैसासुद्धा नको म्हणालास. कोण, तर तू!”

जस्टिनाने नाक पुसलं. “मी आपली हिशेब करत बसलेय,” ती पुटपुटली आणि तिने लॅपटॉप मिटला.

नेटी अजून फरशीवरच होती. घड्याळं खणात परत भरता भरता तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. आईने माफ केलंस म्हटलं, तेव्हा तो हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता.

तिला बरं वाटायला हवं होतं. पण हा माणूस दुकानाच्या वर्धापनदिनी फुकटच्या पॅनकेकसाठी पाऊण तास रांगेत उभा राहत असे. त्याने माफ केलं असतं, आणि पैसेही घेतले असते. वर एवढे कमी का, असंही विचारलं असतं. एक हो म्हणायचं होतं. नुसतं खरं सांगतो म्हणायचं होतं.

तिला ती सकाळ आठवली. आईला ताप होता म्हणून ती रात्रभर माहेरी अडकली होती. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग घरी पोचली, तर अंगणात पोलीस उभा. डिर्कच्या फोनवर तुमचा नंबर दिसतोय, तुम्हाला कॉल आला नाही का, असं तो कॉर्नीला विचारत होता. कॉर्नी गप्प होता. गाडीतून उतरता उतरता नेटीच म्हणाली होती, “अहो, कसला येतो कॉल? त्याचा फोन थंडीत नुसता अडकून बसतो.” ते खोटं नव्हतं, फोन रडकाच होता. पोलिसाने ते लिहून घेतलं. अंत्यविधीला आलेल्यांना तिनेच सांगितलं, आईला तिनेच सांगितलं. लोक त्या फोनला नावं ठेवत, तेव्हा कॉर्नी खाली बघत असे. तिला वाटे, दुःखाने बघतो. कॉर्नीने ते वाक्य स्वतःच्या तोंडाने एकदाही उच्चारलेलं नव्हतं.

पाच वाजायच्या सुमारास आई निघाली. जस्टिना तिला हाताला धरून गाडीपर्यंत नेत होती. रविवारी तिला घरी सोडायला नेहमी कॉर्नीच जात असे. तो दाराशी बाकावर बसून बूट चढवत होता. नेटीने मधलं दार लावून घेतलं.

“वाजला होता?” तिने विचारलं.

त्याचा एक पाय बुटात होता. त्या क्षणी त्याने नाही म्हटलं असतं, तर तिने विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता.

“वाजला,” कॉर्नी म्हणाला. त्याने दुसरा बूट हातात घेतला. “नाव बघितलं मी. आदल्याच आठवड्यात असाच चरातून ओढून काढला होता त्याला. म्हटलं, बसू दे रात्रभर गाडीत, नशा उतरेल. परत वाजला, तेव्हा उशीखाली घातला. तो गाडी सोडून चालत सुटेल, असं नाही वाटलं गं मला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगणार होतो. तू आलीस आणि त्या पोलिसाला सांगून टाकलंस.”

तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसून रडावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. खुंटीवरची किल्ली काढून घेतली आणि कोटाची बटणं न लावताच ती बाहेर पडली.

“तू कशी काय?” आईने विचारलं. “कॉर्नी कुठाय?”

“दमलाय तो,” नेटी म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

रस्ता सरळसोट होता. दोन्ही बाजूंना शेतांवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचे तुकडे पडले होते आणि काळी माती वर येत होती. आई खूप दिवसांनी मोकळेपणी बोलत होती. कॉफी छान झाली होती म्हणाली, जस्टिनाच्या जिभेला हाड नाही म्हणाली.

“हलकं वाटतंय गं,” ती म्हणाली. “आज बहुतेक म्हणेन मी ती ओळ.”

नेटीने स्टिअरिंगवरचे हात घट्ट केले.

“आणि पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभी राहणार आहे. सगळ्यांना सांगणार आहे, माझ्या जावयाने काय केलं ते. त्याला नाही आवडणार, पण सांगणार. लोकांना कळू दे, माफ कसं करतात.”

पुढे रस्त्याखालची मोरी दिसायला लागली, डिर्कची गाडी जिथे चरात गेली होती ती. चार वर्षं ती जवळ आली की आई डोळे मिटून घेत असे आणि नेटी बरोबर असली तर हळूच म्हणत असे, गेली, आता उघड. आज आईने डोळे मिटले नाहीत. काच खाली करून तिने मान बाहेर वळवली. चरातून बर्फाचं गढूळ पाणी वाहत होतं, आणि पलीकडे कुंपणाची तार होती. आई शांतपणे बघत होती.

“सांगू ना, नेटी?” तिने विचारलं. “तुझी हरकत नाही ना?”

वाजला होता. दोनच शब्द होते, आणि ते नेटीच्या जिभेवर आले होते. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो ऊबदार होता.

“सांग, आई,” नेटी म्हणाली. मोरी पूर्ण मागे पडेपर्यंत तिने समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही.