राखण

"तुजा कुत्रा परत भुंकला काय रं?" दारातून डोकावत कुंदनने विचारले.

निमेशने मान वर केली नाही. बोईसरच्या त्या रसायनांच्या कारखान्यात कोणत्या माणसाचा संगणकांवर किती अधिकार, हे एका लहानशा फाइलीत लिहिलेले असे. तिच्यातले एक अक्षर जरी हलले तरी मोबाइलवर संदेश यावा, अशी राखण त्याने स्वतः बसवली होती. तिलाच सारे 'कुत्रा' म्हणत. आज सकाळपासून त्याने एक ओळ खोडावी आणि तीच पुन्हा उगवावी, असे चालले होते: कुंदनच्या नावाला सर्वाधिकार.

"सांडपान्याचे आकडे तुला नुसते बगायचेत, बदलायचे नाय. ह्यो अधिकार कोनी दिला?"

"मी कुठं मागितला? प्रदूषनवाल्यांची तपासनी हाय, आकडे जरा नीट कर, असं साहेब बोलले." कुंदनने नजर चोरली. "आमी हुकमाचे ताबेदार."

"आनि ता पानी खाडीत जाईल तवा? तुजा बापूस मासलीला जालं कुठं टाकतो?"

"जाल्यात आता काय येतं, ता तुला पन ठाव हाय."

दोघेही खाडीकाठच्या एडवण गावचे.

तेवढ्यात कारखान्याचे व्यवस्थापक दर्पण साहेब आत आले. "निमेश, त्या फाइलीला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?"

"साहेब, या बदलाला मंजुरी नाही. मुख्य कार्यालयाला मी कळवलंय."

"काय म्हणाले ते?"

"नोंद घेतली म्हणाले."

साहेब हसले. दिसते सगळे, थांबत काहीच नाही, निमेशच्या मनात आले. मग ही राखण कशासाठी? त्यांच्या देखतच त्याने ती ओळ पुन्हा खोडली. साहेब निघून गेले.

थोड्या वेळाने मोबाइल थरथरला. फाइलीत बदल झाला होता. या खेपेस निमेशचे स्वतःचे नाव गेले होते. कोणी काढले, केव्हा काढले, सारे अचूक लिहिलेले. राखणीत कुठे खोट नव्हती.

समोरचा पडदा आता त्याला ओळखत नव्हता. त्याने कळफलक टेबलाच्या मधोमध सरळ करून ठेवला, पुढे येणाऱ्याला सोयीचे व्हावे तसा. मोबाइल पुन्हा थरथरला. कुंदनची ओळ परत आली होती.

निमेशने दाराकडे पाहिले. मघा कुंदन उभा होता तिथे आता कोणी नव्हते.