आण्णांनी पारखलेली जीप

आम्रपाली बनसोडे पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी उपकेंद्रात नर्स होती. तिच्याकडे सात वाड्या होत्या. उन्हाळ्यात स्कूटीवरून तिथं पोचता यायचं. पावसाळ्यात वरची तांबडी माती साबणासारखी व्हायची. गेल्या जुलैत लसींचा डबा खांद्याला लावून चढताना ती घसरली. डबा ओढ्यात गेला आणि तिचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी तिनं ठरवलं, आता फोर बाय फोर घ्यायची. जुनी, स्वस्तातली, दिसायला कशी का असेना, पण चिखलातून वर चढणारी.

गाडी बघायला बरोबर कोणाला न्यायचं, हा प्रश्नच नव्हता. तिचे वडील राजाराम अठरा वर्षं मिलिटरीत ड्रायव्हर होते. उंब्रजजवळच्या त्यांच्या गावात लोक त्यांना नावानं हाक मारतच नसत, 'ड्रायव्हर' म्हणत. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा एक फोटो होता, मोठ्या ट्रकच्या दाराला हात टेकून उभे असलेले. पाचवीत असताना आम्रपालीनं निबंधात बर्फाच्या घाटातून ट्रक काढणाऱ्या आपल्या आण्णांबद्दल लिहिलं होतं आणि बाईंनी तो साऱ्या वर्गाला वाचून दाखवला होता. गावी परत आल्यावर मात्र आण्णांनी कधी कुणाच्या गाडीला हात लावला नाही. "लय चालवली," म्हणायचे, "आता पुरं."

पहिली गाडी उंब्रजातच बघितली. रंग नवा, टायर नवे. आण्णांनी सरळ सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, जमिनीवर पोतं अंथरलं आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "चल."

"का वो, काय झालं?"

"चेसिसला मधोमध वेल्डिंग हाय. वरनं डांबर फासलंय. दोन गाड्यांची एक केलीय ही."

दुसरी कराडला, अमृत नावाच्या एका दलालाकडं. त्यानं चहा मागवला आणि मोठ्या गिअरशेजारची बारकी दांडी दोनदा पुढं-मागं करून दाखवली. "ताई, ही टाकली की चारी चाकं ओढतात. भिंतीवर चढंल गाडी." आण्णा पुन्हा पोत्यावर. यावेळी खालूनच त्यांचा आवाज आला. "आम्रा, वाकून बघ. पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्टच न्हाई. काढून इकलाय. दांडी नुसती हवेत हालती."

अमृतचा चेहरा पडला. आम्रपालीला मात्र वडिलांचा इतका अभिमान वाटला, की येताना एसटीत तिनं शेजारच्या अनोळखी बाईलाही सगळं सांगितलं.

तिसरी जीप तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागायतदाराची होती. तानाजी त्याचं नाव. पन्नाशी ओलांडलेला, उंच, ताठ चालीचा. मार्च संपत आला होता. बागेशेजारी बेदाण्याचं शेड भरलेलं होतं. लोखंडी खांबांच्या मध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्या आणि त्यांच्यावर पसरलेली द्राक्षं, अर्धी हिरवी, अर्धी सुकून पिवळी. शेडसमोर, शेडकडं पाठ करून जीप उभी होती. पुढं उतार आणि उताराखाली ओढा.

आण्णा खाली गेले. बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा पहिल्यांदाच हसत होते. "शाफ्ट हाय. चेसिस सरळ हाय. मागच्या जॉइंटला थोडं तेल येतंय, सील बदललं की बास. स्प्रिंगच्या पाट्यांवर गंज हाय, पण वरवरचा. माणसानं जीव लावून वापरलीय."

तानाजी खूश झाला. "कुठं शिकला वो हे?"

"आण्णा मिलिटरीत ड्रायव्हर होते," आम्रपाली म्हणाली.

तानाजी एकदम ताठ उभा राहिला. "आरं तिच्या! मी बी. सोळा वर्षं ट्रकवर. जय हिंद, उस्ताद!" त्यानं आण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. "मग मी कशाला दाखवू? तुमीच घाला ओढ्यात. आपल्या माणसाच्या हातात बघू दे मला ही गाडी."

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय," आण्णा म्हणाले.

"आवं, दोन वर्षं झाली त्याला," आम्रपाली हसून म्हणाली. "आता पेपर वाचताय की चष्म्याशिवाय. बसा, आण्णा. मला कधी बघायलाच मिळालं न्हाई." आणि ती शेजारच्या सीटवर चढून बसली.

आण्णांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा तानाजीकडं पाहिलं. मग ते आत बसले. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. त्यांच्या मनगटाची शीर उडताना आम्रपालीला दिसली, पण तिला वाटलं, इतक्या वर्षांनी बसलेत, म्हणून असेल. त्यांनी गिअर टाकला. काहीतरी खरवडलं. त्यांनी क्लचवरचा पाय उचलला.

जीप पुढं गेलीच नाही. ती मागं उसळली.

आम्रपालीचं डोकं पुढच्या काचेवर आपटलं. इंजिन किंचाळलं. आण्णांचा पाय एक्सीलरेटरवर होता आणि तो निघत नव्हता. तानाजी ओरडला, "ब्रेक! उस्ताद, ब्रेक!" मागं लोखंड वाकल्याचा आवाज झाला, मग जाळ्या फाटल्याचा. आम्रपालीनं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि मिळेल तसा किल्लीला झटका दिला. गाडी आचका देऊन बंद पडली.

ती उतरून मागं धावली. दोन खांब आडवे झाले होते. चार जाळ्या एकमेकींवर कोसळून बेदाण्यांचा ढीग मातीत पडला होता. ढिगापलीकडं मंगल नावाची मजूर बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली होती. तिच्या पायापासून गाडीचा मागचा बंपर एक वीतभर लांब होता. तिला उठताही येत नव्हतं, ओरडताही येत नव्हतं. ती नुसती बंपरकडं बघत होती. आम्रपालीनं तिचे पाय, गुडघे, पोट चाचपलं. काही लागलं नव्हतं. मग तिनं मंगलची नाडी मोजली.

"मेले असते की वो मी," मंगल शेवटी म्हणाली आणि रडायला लागली.

आण्णा अजून गाडीतच होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. तानाजीनं त्यांना दंडाला धरून उतरवलं, बांधावर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"उस्ताद, एक इचारू? ट्रेड कुठला तुमचा? भरती कुठल्या कामाला?"

आण्णांनी तांब्या खाली ठेवला. "सफाईवाला."

आम्रपालीला वाटलं, आपल्या कानात अजून इंजिनचा आवाज आहे आणि आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"सफाईवाला. झाडू मारायचो. संडास धुयाचो. शेवटची दहा-बारा वर्षं गॅरेजची फरशी." ते तिच्याकडं न बघता बोलत होते. "भरतीत उंची कमी भरली. बाकीची पोरं घरी गेली. मी रडाय लागलो. तिथला सायब म्हणाला, एवढीच जागा हाय, येतोस का? मी व्हय म्हणालो."

"मग ड्रायव्हर?"

"माझ्या बापानं गावातली झाडलोट केली, अर्धा जलम. बाबासाहेबांचं ऐकून एक दिवस झाडू टाकला, आन् मला बजावलं, हे हातात धरायचं न्हाई. पयल्या सुट्टीला घरी आलो. युनिफॉर्म घालून पारापुढनं चाललो होतो. समद्यांनी अडवलं. काय काम करतोस रं, म्हणाले. बाप शेजारीच हुभा होता." आण्णांनी तांब्या बाजूला सरकवला. "तोंडातनं निघून गेलं. ड्रायव्हर."

ओढ्यापलीकडं पंपाचा आवाज चालू होता.

"गाडीचं सगळं खालनंच शिकलो," ते म्हणाले. "फरशीवर कुठल्या गाडीचं किती तेल सांडलंय, त्यावरनं मला कळायचं काय बिघडलंय. मेकॅनिक मला इचारायचे. पर कधी कुणी सीटवर बसीवलं न्हाई."

आम्रपालीला वाटलं होतं, आपल्याला दया येईल. आला तो संताप. तो कसला हेही तिला नीट कळेना. "ती बाई मेली असती, आण्णा!" ती ओरडली. "मला लायसन्स आहे. मला गाडी येते. एक शब्द बोलला असता, तर मी बसले असते ना! झाडू मारला तर मारला. आज तरी सांगायचं होतं!"

"तू बघत होतीस," आण्णा म्हणाले. "तू पयल्यांदा बघणार होतीस."

ती दोन पावलं मागं सरली आणि वाकलेल्या खांबाला टेकून उभी राहिली.

तानाजी बराच वेळ पायानं माती उकरत होता. "आमच्या गॅरेजला बी एक होता," तो म्हणाला. "रोज चहा आणून द्यायचा. सोळा वर्षांत कितीतरी वर्षं बरोबर. मघापासनं आठवतोय, नाव काय त्याचं आठवंना. आमी हाक मारायचोच न्हाई नावानं." त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि मंगलकडं वळला. "उठ बाई. आज बसून ऱ्हा तू, पगार पुरा. बेदाणा आमी गोळा करतो."

मातीत पडलेला माल वेचायचा होता. वरचा ढीग हातांनी उचलला, पण खाली पसरलेला दाणा न् दाणा वेचणं शक्य नव्हतं. तानाजीनं शेडच्या कोपऱ्यातून मऊ केरसुणी आणली आणि आणल्यावर आपण काय केलं ते ध्यानात येऊन तसाच उभा राहिला. आम्रपाली झटकन पुढं झाली. "द्या, मी झाडते."

"इकडं आण," आण्णा म्हणाले. "तू माती बी वढशील बरोबर." त्यांनी केरसुणी घेतली, उकिडवे बसले आणि मनगट जमिनीलगत ठेवून अशी हलकी फिरवायला लागले, की माती जागच्या जागी राहून दाणे तेवढे पुढं सरकत होते. लेकीच्या देखत ते पहिल्यांदाच झाडत होते. तिला बघवेना, आणि नजरही हटवता येईना.

दुपारपर्यंत माल पोत्यात भरला. तो आता धुऊन दुय्यम भावानं जाणार होता. आम्रपालीनं नुकसान भरून द्यायची तयारी दाखवली. तानाजीनं निम्मंच घेतलं, वर म्हणाला, "बसीवलं मीच की त्यास्नी."

मग ती स्वतः जीपमध्ये बसली. मागं कोणी नाही ना, हे तिनं चारदा बघितलं. तानाजी शेजारी बसला. उतार उतरून ती ओढ्यात शिरली, वाळूत चाकं रुतली, तिनं बारकी दांडी टाकली आणि जीप घोगरा आवाज करत पलीकडं चढली. काठावर आण्णा एकटेच उभे होते. गाडी वर आली तशी त्यांनी खाली वाकून पुढची चाकं फिरतात का ते पाहिलं आणि लांबूनच मान हलवली.

व्यवहार झाला. कराडपर्यंत एकदाच आण्णा म्हणाले, "तिसऱ्यात टाक," आणि तिनं टाकला.

घरी पोचल्यावर आण्णा परसात हातपाय धुवायला गेले. तिची आई भामाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. आम्रपाली तिच्याशेजारी जमिनीवर बसली. दिवसभर धरून ठेवलेलं आता तिला धरवेना. "आई," ती हळूच म्हणाली, "आण्णा ड्रायव्हर नव्हते."

भामाबाईचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"रातीच्या साक्षरता वर्गाला जात नव्हते का मी, तू ल्हान असताना? वाचाय आलं, तवा पेटीतला पेन्शनचा कागद काढून बघितला. लय येळ लागला वाचाय. 'सफाई' एवढं कळलं. पुढचं अंदाजानं."

"आणि तू त्यांना बोलली नाहीस?"

"त्येंनी सांगितलं न्हाई. मग मी कशाला इचारू?" भामाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "त्येंच्या बापाला किती बरं वाटलं हुतं. सासरा मरंस्तोवर सांगायचा, माझा लेक ट्रक चालीवतो. तू काय बोललीस त्येंना?"

"ओरडले."

"ओरड की. पर जेवाय बोलीव."

आम्रपालीनं परसात जाऊन आण्णांना जेवायला बोलावलं. ते आले, बसले आणि भाकरी मोडताना मागच्या जॉइंटचं सील उंब्रजात कुठल्या दुकानात मिळेल ते सांगायला लागले.

मे महिन्यात जीपचे कागद तिच्या नावावर झाले. पाऊस सुरू व्हायच्या आधी सातही वाड्यांना ती वर जाऊन आली. दर रविवारी आण्णा पोतं अंथरून गाडीखाली जातात आणि ती टॉर्च धरून बाहेर बसते. गावात अजून कुणाला काही माहीत नाही. सांगायचं की नाही, हे तिनं त्यांच्यावर सोडलं आहे.