मिटलेल्या डोळ्यांवरचं ऊन

कॅमेऱ्यात आहे: रिकामी खुर्ची. मागे अंगणाची भिंत, पोपडे आलेली. उजेड उत्तम.

ताईला बाहेर आणण्याआधी फोटोग्राफर त्या खुर्चीभोवती कितीदा तरी फिरला होता. स्टुडिओतल्या दिव्यांखाली तिला बसवायचं नाही, हे ठरलेलं. आजाराने तिच्या भुवयासुद्धा नेल्या होत्या. दिव्याखाली चेहरा कोऱ्या भिंतीसारखा दिसला असता. तिरप्या उन्हात नाकाची, गालाची सावली पडते, माणूस माणसासारखं दिसतं. ताईला तेवढंच हवं होतं. तिच्या लेकीचे अजून दुधाचे दात पडत होते. उद्या मोठी झाल्यावर आई आठवायला तिच्याकडे एक तरी धड फोटो असावा.

कॅमेऱ्यात आहे: भाऊजी. ऊन परतवून ताईच्या चेहऱ्यावर टाकायला पांढरी चादर ताणून उभे. चादर वाकडी. तोंडही.

"अहो, नीट धरा," ताई म्हणाली. "जन्मात एकदा तरी प्रकाश पाडा."

"तुझ्यापुढे आमचा कसला पडतोय!"

कॅमेऱ्यात आहे: ताई, डोळे किलकिले. ताई, नाक मुरडून. ताई, डोळ्यांत पाणी. उन्हाचं.

मग फोटोग्राफरने नेहमीचा तोडगा काढला. डोळे मिटायचे, त्याने तीन म्हटलं की उघडायचे. ऊन झोंबायच्या आतला जो क्षण, तो पकडायचा.

"मिटते. पण मिटलेला काढायचा नाही हं. पोरीला सांगून ठेवलंय, फोटोत आई तुझ्याकडे बघत असेल."

"नाही काढत गं. एक. दोन. तीन."

ताईने डोळे उघडले नाहीत.

"ताई, तीन झाले."

"येतं रे मला मोजता. थांब जरा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बरं वाटतंय हे ऊन."

तो थांबला. बोट बटणावर. तिच्या कपाळावरची आठी सुटली, ओठ सैलावले, मान कलली. कित्येक महिन्यांनी ताईचा चेहरा ताईचा झाला. अभ्यास करता करता पुस्तकावर पेंगणारी ती ताई.

दाबावं?

शब्द दिला होता.

(ती पुन्हा अंगणात आली नाही. हे इथेच सांगून टाकलेलं बरं. शेवटी सांगायला जीभ रेटणार नाही.)

"झोपली," भाऊजी कुजबुजले. "उठवू? ऊन सरकतंय. उद्याचं काही खरं नाही."

ते त्यालाही ठाऊक होतं. ऊन चढलं, थेट पापण्यांवर आलं. झोपेतच ताईचं कपाळ आक्रसलं. आता उठवलं तर मिळेल, नाहीतर राहील.

त्याने कॅमेरा गळ्यात सोडला आणि ऊन नि ताई यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आपली सावली समोरच्यावर पडू द्यायची नाही, ही धंद्यातली पहिली शिकवण. पडू दिली. चेहरा झाकला जाईल अशी. आठी पुन्हा सुटली.

भाऊजींनी चादर तिच्या पायांवर पांघरली.

"मामा, झाला का फोटो?" दारातून पोरगी ओरडली.

"हळू," तो म्हणाला. हलला मात्र नाही. "आईला झोपू दे."