शांतीचा हात

शोशाम्मानं ओठ मिटून घेतले होते आणि ते उघडण्याची वाट पाहत तिघं जण तिच्या खाटेभोवती उभे होते. चर्चचा नवा पाद्री, सिबी अच्चन, याच्या चिमटीत प्रभुभोजनाच्या भाकरीचा लहानसा तुकडा होता. म्हातारीच्या हनुवटीखाली सुनेनं, लीलाम्मानं, धरलेलं पांढरं फडकं नकळत खाली उतरत होतं. बाहेर रबराच्या झाडांतून वारा सरकत गेला.

युक्ती लीलाम्माची होती. व्हरांड्यात ती हलक्या आवाजात म्हणाली होती, "अम्मच्चीला दिसत नाही, अच्चन. प्रार्थना तुम्ही म्हणा, बाकी सगळं नव्या अच्चनना करू दे. तिला कळायचंसुद्धा नाही. मग हळूहळू होईल सवय." आणि बदली झालेल्या ईपेन अच्चननी होकारार्थी मान हलवली होती. दुपारी त्यांना निघायचं होतं, वायनाडच्या डोंगरातल्या चर्चकडे. बदली झालेला अच्चन जुन्या गावात पुन्हा पाऊल टाकत नाही, नव्याच्या वाटेत येत नाही. हे त्यांनी आजवर प्रत्येक गावी पाळलं होतं.

शब्द त्यांचे आणि हात सिबीचे, असं सारं सुरळीत चाललं होतं. मग शांती देण्याची वेळ आली. वेदीपाशी निघालेली शांती हातातून हातात जात शेवटच्या माणसापर्यंत पोचते, तशी ती सिबीनं तिच्या जोडलेल्या तळव्यांभोवती आपले तळवे मिटून दिली. म्हातारीची बोटं त्याच्या हातावरून फिरली, एका जागी थांबली, आणि परत गेली.

"हा कोणाचा हात?" तिनं अखेर विचारलं.

लीलाम्मानं सिबीकडे पाहिलं.

"लोण्यासारखा आहे. सेमिनरीत हल्ली जेवायला बरं मिळतं वाटतं."

सिबी ओशाळून हसला. "मी सिबी, अम्मच्ची. नवा अच्चन."

"तुला कोण विचारतंय, मोने, माझ्या पोरा? तुझा काय दोष? आंधळीला फसवायला जे उभे आहेत, त्यांना विचारतेय मी."

"अम्मच्ची, असं काय बोलता!" लीलाम्मा कळवळून म्हणाली. "वीसेक अच्चन आले नि गेले या गावात. कोणासाठी केला होतात एवढा हट्ट?"

"ते मला दिसले होते. येताना दिसले, जाताना दिसले. पायरीवर उभी राहून मी त्यांना हात केलाय." "हे आले तेव्हा डोळे गेले होते. ज्यांना येताना पाहिलं नाही, त्यांना जाऊ कसं देऊ?"

ईपेन अच्चन खाटेच्या पायथ्याशी उभे होते. पंपा नदीतून तिच्या मुलाचा, कुरुविळाचा, देह काढला त्या दिवशी, तो गेल्याचं सांगायला तेच या खोलीत आले होते. बोलताना शब्द फुटेना, म्हणून त्यांनी नुसता तिचा हात धरला होता, आणि तिला सगळं कळलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला ती त्यांच्याच हातून भाकर घेत आली होती.

"रविवारी चर्चच्या भोंग्यावरून ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "ख्रिस्त पुढे चालतोय, आपण त्याच्यामागे जायचं, माणसांना धरून बसायचं नाही. छान बोललात. बायका रडल्या म्हणे."

"तुमची सूनही रडली," लीलाम्मा पुटपुटली.

"आणि माझ्याकडे मात्र दुसऱ्याचे हात पुढे करून आलात."

"चुकलं माझं," ईपेन अच्चन म्हणाले. "आधी सांगायला हवं होतं."

आवाज आला त्या बाजूला तिचा चेहरा वळला. "मग आता तुम्ही द्या."

सिबीनं तुकडा पितळी ताटलीत ठेवला आणि ताटली त्यांच्यापुढे केली. "द्या ना, अच्चन. आजच्यापुरतं तरी."

"आजच्यापुरतं नाही," म्हातारी म्हणाली. "यानंतर मी कोणाच्या हातून घ्यायची नाही. डॉक्टरनं तरी कुठं फार दिवस दिलेत? याच हातून शेवट होऊ दे."

ईपेन अच्चननी हात पुढे केला. तो पुढे जाताना आत कुठेतरी त्यांना गोड वाटलं, आणि त्या गोडव्याचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी वर पाहिलं. भाकरीची ताटली सिबीच्या हातात, खाटेच्या उजवीकडे होती. म्हातारीचा चेहरा तिकडे नव्हताच. तो त्यांच्याकडे लागला होता, चर्चमध्ये पडदा सरून वेदी उजळते तेव्हा माणसांचे चेहरे जसे लागतात तसा.

हात हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि नुसत्या मानेनं सिबीला खूण केली.

सिबीला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं तुकडा पुन्हा उचलला. त्या चिमटीतल्या भाकरीत ख्रिस्त आहे हे ईपेन अच्चन जन्मभर लोकांना सांगत आले होते. आता तिला त्या ख्रिस्ताच्याच स्वाधीन करायचं होतं. निरोपाचा आशीर्वाद ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. एक शब्द बोलले असते, तर उरलेलं सारं आयुष्य ती त्या आवाजामागे गेली असती.

ते दाराकडे सरकले. लीलाम्मानं फडकं पुन्हा वर उचललं, पण तिची नजर त्यांच्यावर होती आणि डोळे भरले होते.

"अच्चन?" म्हातारीनं विचारलं. "आहात ना इथं?"

उंबऱ्यापाशी ते थांबले.

"अम्मच्ची," सिबी हळूच म्हणाला, "मी आहे."

"तुला नाही विचारलं. अच्चन?"

ईपेन अच्चन पायऱ्या उतरले. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी चपला हातात घेतल्या आणि तापलेल्या अंगणातून अनवाणी चालत ते फाटकाबाहेर गेले.